बाहेर इंग्रजी, आत मराठी

आमच्या इमारतीतल्या बायका दिवसभर गाऊनमध्ये वावरतात. खाली भाजीवाला आला की त्याच गाऊनवर ओढणी टाकून उतरतात. गाऊन तोच, बाई तीच, पण अंगावर ओढणी पडली की ती चारचौघांत आली असं समजायचं. माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं आणि ऑफिसात नव्या आलेल्यांना पब्लिक आणि इंटर्नल यांतला फरक समजावायची वेळ आली की मी हीच ओढणी उदाहरणाला घेते. मुलगे हसतात, मुली जास्त हसतात, पण विसरत कुणी नाही.

फरक साधा आहे. आपण कोड लिहून जगाला फुकट वापरायला दिला की त्यातली काही फंक्शनं, म्हणजे एकेक ठरलेलं काम करून देणारे तुकडे, लोकांसाठी असतात. त्यांचं नाव काय, त्यांना काय विचारायचं, ती काय उत्तर देतात हे ठरलेलं असतं, आणि तो शब्द वर्षानुवर्षं पाळायचा असतो. त्याला एपीआय म्हणतात. बाकीची फंक्शनं आपल्या सोयीची. आज आहेत, उद्या नसतील, कुणी जाब विचारायचा नाही. अशा खुल्या कोडमध्ये, म्हणजे ओपन सोर्समध्ये, गंमत अशी की सगळंच उघडं असतं. आतलं म्हणजे लपवलेलं नव्हे. ते कुणालाही दिसतं, त्याला कुणालाही हात लावता येतो, फक्त लावायचा नाही अशी रीत असते.

ही रीत आम्ही आमच्या लायब्ररीत, म्हणजे इतरांनी आपल्या कामात जोडून घ्यायच्या कोडच्या गाठोड्यात, कशी पाळली, किंवा पाळली असं आम्हाला कसं वाटत होतं, ते सांगते.

लायब्ररीचा जन्म माझ्या आईमुळे झाला. आई विक्रोळीला राहते. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते, उपोसथाचं व्रत धरते. कॅलेंडरात पौर्णिमा कधीकधी दोन दिवसांवर सांडलेली असते, आणि ती सांडली की मी अंधेरीच्या ऑफिसात ऐन मीटिंगमध्ये असताना आईचा फोन येणारच. "आज धरू की उद्या?" एकदा वैतागून मी म्हटलं, "आई, मी काय चंद्राची सेक्रेटरी आहे?" ती शांतपणे म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि पौर्णिमा सांगता येत नाही?"

हे मला लागलं. पुढच्या पौर्णिमेच्या आत मी तिथी काढणारा छोटासा कोड लिहून आईच्या फोनवर बसवला. मग ऑफिसातल्या माझ्या मित्राने तो पाहिला. हा घाटकोपरचा, गच्चीवर दुर्बीण लावून बसणारा, बोलायला फटकळ आणि गणिताला पक्का. "तुझा चंद्र लंगडतोय गं," म्हणाला, आणि त्याने माझ्या घरगुती कोडची बघता बघता लायब्ररी करून टाकली. आम्ही ती सगळ्यांसाठी खुली केली. कुठकुठले लोक वापरायला लागले. त्यांतल्या निम्म्यांना चंद्र कशाला हवा होता ते आम्हाला आजही माहीत नाही.

तेव्हा आम्ही दोघांनी एक नियम केला. लोकांसाठीच्या फंक्शनांची नावं इंग्रजी ठेवायची आणि आतल्यांची मराठी. जगभर आतल्या फंक्शनच्या नावाआधी एक खालची रेघ, अंडरस्कोर, देतात, ती पाहून शहाणा माणूस लांब राहतो. आम्ही ती रेघ दिलीच नाही. मराठी नाव हीच आमची रेघ. बाहेरच्याला त्या नावाचा अर्थच लागणार नाही, तर वापरेल कशाला, असा आमचा हुशारीचा हिशेब. काम करताना मजाही यायची. 'जरा थांब', 'मागचं बघ', 'किती सरली' अशी, रोमन अक्षरांत लिहिलेली, आमच्या फंक्शनांची नावं होती. हा नियम आम्ही कुठे लिहून ठेवला नाही. दोघांना माहीत होता, पुष्कळ झालं.

'किती सरली' म्हणजे चालू तिथी या घडीला किती सरली. बाहेरचं इंग्रजी फंक्शन फक्त सूर्योदयाची तिथी सांगायचं, आज चतुर्थी, विषय संपला. आतलं 'किती सरली' सांगायचं की चतुर्थी पाऊण सरलीय, पंचमी येतेच आहे.

लायब्ररीत चंद्राच्या जागांचा एक मोठा तक्ता होता, आणि तो गेल्या डिसेंबरला संपत होता. मित्राने तक्ता काढून त्या जागी चांगलं गणित बसवलं. ते करताना आतलं बरंचसं सामान फेकून दिलं. त्यात 'किती सरली'ही गेलं. ऑक्टोबरात आम्ही नवी आवृत्ती लोकांना तपासायला दिली, आणि आमच्या तक्रारींच्या पानावर पहिल्यांदाच देवनागरीत मजकूर आला.

"नमस्कार. नवीन आवृत्तीत 'किती सरली' सापडत नाही. आमच्या गावातल्या होड्यांना ते लागतं. कुठे ठेवलंय?"

मित्राने लगेच उत्तर दिलं. ते फंक्शन अंतर्गत होतं, अंतर्गत गोष्टींवर विसंबून राहू नये, उघडं दिसतं म्हणून हात लावायचा नसतो. तक्रार बंद. मला ते वाचून काहीच वावगं वाटलं नाही. नियम तोच होता, आणि मीही तेच लिहिलं असतं, फक्त पुढे धन्यवाद जोडला असता.

थोड्या वेळाने खाली त्या तक्रार लिहिणारीचं उत्तर आलं. "माफ करा. मला वाटलं इंग्रजी नावं बाहेरच्या लोकांसाठी आहेत आणि मराठी आपल्या लोकांसाठी. म्हणून मी मराठीच वापरली."

मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. पुढ्यातला डोसा तसाच राहिला. आम्ही ज्या पाटीवर 'आत येऊ नये' लिहिलं होतं, ती तिने 'या, घर तुमचंच आहे' अशी वाचली होती. आणि चूक तिची कशी म्हणायची? पाटीवर काही लिहिलेलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मित्राचा थोडा रागही आला, जो खरं तर माझ्यावरच यायला हवा होता.

मी तिला वेगळा निरोप पाठवला. ती गोराईची निघाली, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. गोरेगावच्या एका स्टुडिओत शूटिंगची वेळापत्रकं लावायचं काम करायची. कोडिंग फोनवरचे व्हिडिओ बघून शिकलेली, आणि त्यावर भरती सांगणारं एक अ‍ॅपही केलेलं. तिने लिहिलं, "ताई, लिहून नाय सांगता येणार. एकदा या."

गेले. ऊन टाळायला रविवारी भल्या सकाळी निघाले आणि बोरिवलीहून गोराईच्या जेट्टीवर पोचले, तर पाण्याचा पत्ता नाही. पायऱ्या संपून पुढे नुसता चिखल, आणि होडी त्या चिखलापलीकडे आडवी पडलेली. मी तिला फोन केला.

"ताई, आता कशा आलात? पूर्ण ओहोटी आहे."

"मला काय माहीत?"

"तुम्हीच लिहिलंय ना ते?" ती हसायला लागली. "बघून निघायचं ना मग."

दोनच दिवसांपूर्वी आईची पौर्णिमा झाली होती. चंद्राचा हिशेब जगाला देणारी बाई कठड्यावर बसून पाणी चढायची वाट बघत राहिली. शेजारी एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. तिने मला अर्धं केळं दिलं, बहुधा दया येऊन.

पाणी चढल्यावर मी होडीने पलीकडे गेले, तेव्हा ती तक्रारवाली मला न्यायला जेट्टीवर आली होती. तिशीची, गळ्यात बारीक क्रूस, पायात बुटांऐवजी रबरी चपला. वाटेत तिने मला त्यांचा हिशेब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पण तिथी अर्धी सरली असेल तर वेळही तेवढी पुढे सरकते, शिवाय त्यांच्या खाडीत पाणी जरा उशिरानेच चढतं. हे सगळं धरून ठोकळ नाही, नेमकी वेळ सांगणारा गावात एकच माणूस होता, तिचे पप्पा. होडी काढायची असली की लोक त्यांच्या घराच्या कठड्याशी थांबून विचारायचे. ते बोटांची पेरं मोजायचे आणि सांगायचे.

"छान," मी म्हटलं. "मग अ‍ॅप कशाला?"

ती चालताना थांबली. "पप्पांना आता तिथी आठवत नाय, ताई."

मीही थांबले.

"आम्हाला पहिल्यांदा कळलंच नाय," ती म्हणाली. "एकदा त्यांनी सांगितलेल्या वेळेला दोघं होडी घेऊन गेले आणि मधेच गाळात बसले. परत आल्यावर कोणी त्यांना एक शब्द बोललं नाय. पण पप्पांना समजलं. मग ते कठड्याशी बसायचेच बंद झाले. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मम्मी गेली तेव्हापण ते असे नव्हते पडले."

म्हणून तिने ते अ‍ॅप केलं होतं. वर चंद्राची कोर, खाली मोठ्या अक्षरांत तिथी, ती किती सरली ते, आणि भरतीची वेळ. पप्पांच्या फोनवर टाकून दिलं. कुणी विचारलं की ते जरा भिंतीकडे वळतात, खिशातला फोन बघतात, वळून सांगतात. मागच्या वर्षापासून पुन्हा कठड्याशी बसायला लागले होते.

"सरकारी तक्ते मिळतात ना भरतीचे?" मी विचारलं. मित्र हेच विचारणार हे मला माहीत होतं.

"तक्त्यात नुसती वेळ असते. पप्पा नुसती वेळ कधी सांगत नाय. 'चतुर्थी सरत आली रे, साडेतीन धर,' असं सांगतात. लोकांना तसं ऐकायची सवय आहे. नुसती वेळ सांगितली तर समजतील ना सगळे, फोनात बघून सांगतात ते." मग म्हणाली, "डिसेंबरनंतर तुमचं जुनं चालणार नाय. जानेवारीत कोणी विचारलं तर पप्पा काय सांगतील? तेवढंच आहे माझं. पण हे तिकडे तुमच्या पानावर लिहू नका. तिकडे सगळे वाचतात."

घरी पप्पा भेटले. उंच, हाडापेराचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. मी कुठली हे त्यांनी मला तीनदा विचारलं आणि विक्रोळी हे उत्तर तिन्ही वेळा तितक्याच आवडीने ऐकलं. मुलगी फोनचं काहीतरी समजावायला गेली तर म्हणाले, "मना नको शिकवू." मी तिथे होते तेवढ्यात कुणी पाणी विचारायला आलं नाही. तरी ते कठड्याशी बसून वाटेकडे बघत होते.

पुढच्या शनिवारी सकाळी मी मित्राला घाटकोपर स्टेशनजवळच्या उडुप्याकडे गाठलं. 'किती सरली' परत आणायचं आणि ते लोकांसाठीचं करायचं, असं सांगितलं.

"कशासाठी?"

"एकीला लागतं."

"एका माणसासाठी?" त्याने इडली बाजूला सारली. "तुला माहितीये ना, एकदा बाहेर दिलं की आपण मरेपर्यंत बांधले गेलो. उद्या गणित बदललं तरी ते तसंच ठेवायचं. कोण बघणार? मी. तू दोन महिन्यांत विसरशील."

त्याचं चुकत नव्हतं. पूर्वी तो मागेल त्याला मागेल ते द्यायचा. परिणाम असा की बहिणीच्या हळदीला हा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता आणि कुठल्या देशातला कोण अनोळखी माणूस त्याला फुकटच्या कोडवरून झापत होता. तेव्हापासून त्याने दार लावून घेतलं. लोक त्याला खडूस म्हणतात. मला तो दमलेला वाटतो.

"कारण काय ते तरी सांग," तो म्हणाला. "होड्यांना तक्ते मिळतात."

"सांगता येणार नाही."

"म्हणजे? मला?"

"तुलाच नाही, कुणालाच. तिच्या घरातलं आहे."

वेटर येऊन कॉफी ठेवून गेला. मी म्हटलं, "हे बघ, कारण सोड. आपण मराठी नावं ठेवली, रेघ दिली नाही, कुठे लिहिलं नाही. ती मराठी वाचून आत आली. आपल्याला वाटलं मराठी येणारं इथे आपल्या दोघांशिवाय कुणी येणारच नाही. हे आपल्या डोक्यात आलंच कसं यार? मुंबईत बसून?"

कॉफी पिऊन झाल्यावर त्याने मागे वळून वेटरकडे पेन मागितलं आणि कागदी रुमालावर लिहायला लागला. लोकांसाठी काय आणि आमच्यासाठी काय, याचा नियम. या पानावर जे लिहिलंय ते तुमचं, तो आमचा शब्द. पानावर नाही ते आमचं, त्याला रेघ असेल, ते कधीही बदलेल. मराठीतही लिहायचं, इंग्रजीतही. रुमाल भरला तेव्हा दुसरा घेतला.

"आणि 'किती सरली'?" मी विचारलं.

"त्याला बाहेर काढतो. इंग्रजी नाव काय देऊया?"

"तेच राहू दे."

"बाहेरची नावं इंग्रजी असतात."

"असं कुठे लिहिलंय?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "वाट लागली," म्हणाला, आणि रुमालावर सगळ्यात शेवटी रोमन अक्षरांत 'किती सरली' लिहिलं. आतली बाकीची मराठी नावं मराठीच राहिली, फक्त प्रत्येकाच्या आधी त्याने रेघ दिली. हे एकच नाव रेघ न घेता बाहेर आलं.

डिसेंबर संपायच्या आत नवी आवृत्ती गेली. तिने पानावर फक्त "धन्यवाद, चाललं" एवढंच लिहिलं. मला वेगळा निरोप आला की जानेवारीत या, आणि या वेळी बघून या.

मित्र म्हणाला, मीही येतो, मला बघायचंय कोण वापरतं. मी पुन्हा बजावलं की मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. "नको सांगू," म्हणाला. या वेळी आम्ही तिथी बघून निघालो. पाणी चढत होतं, होडी पायऱ्यांना लागलेली. मित्र वाटभर चंद्राबद्दल बोलत होता.

तिच्या घरी पोचलो तेव्हा पप्पा कठड्याशी खुर्ची टाकून बसले होते. ती चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर टेकलो, कठड्याच्या या बाजूला, पप्पांच्या पाठीशी. तिथून वाटेचं वळण दिसायचं, पप्पांना ते भिंतीच्या कोपऱ्यामुळे दिसत नव्हतं.

वळणावर दोन माणसं आली, खांद्यावर जाळं. त्यातला एक थांबला आणि त्याने फोन काढला. आम्ही इतके जवळ होतो की त्याचा पडदा दिसत होता. वर चंद्राची कोर, खाली मोठी अक्षरं. मित्राने माझा दंड धरला. ते त्याचं गणित होतं, त्याला ते लांबूनही ओळखू आलं असतं. दुसऱ्यानेही वाकून पाहिलं, मान हलवली. मग पहिल्याने फोन खिशात घातला, आणि दोघं पुढे येऊन कठड्याशी थांबले.

"काका, पानी कवा भरल?"

पप्पा जरा भिंतीकडे वळले. दोघं माणसं तेवढा वेळ खाडीकडे बघत उभी राहिली, जणू तिकडे काही बघण्यासारखं होतं. पप्पा वळले. "चतुर्थी सरत आली रे. साडेतीन धर."

"बरं झालं तुमाला इचारलं," तो म्हणाला, आणि दोघं गेले.

मी मागे पाहिलं. ती दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. गावाच्या ग्रुपवर तिने ते अ‍ॅप कधीतरी टाकलं होतं, कुणी काही बोललं नव्हतं, म्हणून कुणी घेतलं नसेल असं तिला वाटलं होतं. आता तिला कळलं. तिने ट्रे दाराच्या चौकटीला टेकवला.

मित्राचं तोंड उघडलं होतं. तो माणूस न बोलता राहूच शकत नाही, आणि आता तो त्या वाटेकडे हात करून काहीतरी विचारणार हे मला दिसत होतं. पण त्याने हात खाली घेतला. पप्पांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग उठला, कठड्याला वळसा घालून समोर गेला, आणि आपला फोन खिशात खोल सारून पप्पांसमोर उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, "आम्हाला बोरिवलीला परत जायचंय. कधी निघावं?"

पप्पांनी त्याच्याकडे वर पाहिलं. मग जरा भिंतीकडे वळले. मित्र खाडीकडे बघत उभा राहिला.

"चहा घ्या," पप्पा म्हणाले. "घाई नाय, पानी आहे तोवर."